अर्धा कोयता कोण नेतो?

दिवाळी सरली आणि मी भाचीबरोबर वडवणीला निघालो. ती डॉक्टर. आठवडी बाजारात वयस्कर माणसांचा रक्तदाब तपासायचा बेत तिचा, पिशव्या उचलायचं काम माझं. बीडहून एसटीत बसलो तेव्हा वाटलं, चला, भाकरी-ठेचा खाऊन दोन दिवस मजेत जातील.

ठेचा फर्मास होता. मजा मात्र टेबल मांडताच संपली. एकामागून एक म्हातारे येत होते आणि यंत्रावरचा आकडा चढताच होता. कुणालाच आधी पत्ता नव्हता. "मला काय झालंय? पोतं उचलतो की!" एकानं तर मलाच विचारलं, "तुमी कावून तोंड पाडलंय?"

दुपारी साठीची सुभद्राबाई आली. भाचीनं दोनदा तपासलं.

"मावशी, प्रेशर फार वाढलंय. रोज गोळी घ्या. कष्टाचं काम बंद."

"उद्या ऊसतोडीला निघायचंय. मुकादम कोयता, म्हंजी नवरा-बायकोची जोडी, बघून नेतो. मी ऱ्हायले तर ह्यांना कोण नेतंय? ह्यांना सांगू नका, मॅडम." गोळ्या तिनं कमरेच्या चंचीत कोंबल्या.

थोड्या वेळानं एक उंच, वाळका म्हातारा आला. "आत्ता सुभद्रा येऊन गेली ना, तिचा नवरा मी. किसन." त्याचा आकडा तिच्याहून वर.

"गोळी द्या. पर तिला बोलू नका. ती मला घरी बसवंल. अन् अर्धा कोयता कोण नेतो?"

"सांगून टाक दोघांना," मी भाचीला म्हणालो.

"मामा, पेशंटनं विश्वासानं सांगितलंय." मला भयंकर संताप आला. तिचा, की त्या मुकादमाचा, कळेना.

सकाळी स्टँडवर निघालो तर समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, वळकट्या, कोंबड्या आणि वर ते दोघं. किसन ओरडला, "मॅडम, हिचं बरं हाय ना?"

सुभद्राबाई भाचीकडे टक लावून बघत होती.

"बरं आहे," भाची म्हणाली.

"आन् ह्यांचं?" सुभद्राबाईनं विचारलं.

"त्यांचंही. जपून राहा दोघं."

दोघांचे चेहरे खुलले. ट्रॅक्टर गेला.

सिरसाळ्याला चहा घेतला. परळीला औष्णिक केंद्राची राख अंगावर घेत रेल्वेची वाट पाहिली.

घरी आल्यावर शेजारी विचारतात, काय पाहिलंत? काय सांगू? उसाच्या फडात दोघांतलं एक जण कोसळेल, तेव्हा दुसरं छाती पिटून सांगेल, "काईच न्हवतं हो. मॅडम म्हणल्या होत्या, बरं हाय."