मायच्या कपाळावरची मधली रेघ

मला राग लवकर येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माय म्हणायची, "हिच्या नाकावर माशी बसत न्हाई. बसलीच तर चूक माशीची." पण लातूरच्या त्या फोटो स्टुडिओत आला तसा राग मला जन्मात आला नव्हता. तो अजून पुरता उतरलेला नाही.

माय गेली तेव्हा तिचा धड असा एक फोटो घरात नव्हता. कुणी मोबाइल समोर धरला की ती उठून चुलीकडं जायची. माझ्या मोबाइलमध्ये शोधशोध शोधून एकच सापडला. रेणापूरजवळच्या आमच्या गावी, दिवेलागणीला, लाइट गेलेली असताना ओसरीवर काढलेला. पदर धरलेला हात हनुवटीशी, आणि 'पुरे कर आता' असं तोंड. उजेड नसल्यामुळं सगळ्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे आले होते. आम्हा लिंगायतांत माणसाला मातीत ठेवल्यावर काही दिवसांनी स्वामींना बोलावून आराधना करतात, भावकी जेवते. त्या दिवशी हा फोटो मोठा करून मांडायचा ठरला. मी स्टुडिओत गेले आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाले, "दादा, जरा साफ करून द्या." आता जीभ चावून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रेम समोर ठेवली. आतली बाई गोरीपान, तुळतुळीत. हनुवटीवरचं गोंदण गायब. पदर धरलेल्या हाताची पाचही बोटं धडधाकट. आणि कपाळ सपशेल रिकामं.

ते बोट आणि ते कपाळ म्हणजेच तर माझी माय होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ती तीन बोटांनी भस्म लावायची, आधी स्वतःला आणि मग आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना. आखूड बोट कपाळाला नीट टेकायचं नाही, त्यामुळं वरची आणि खालची रेघ पूर्ण, मधली निम्म्यातच संपलेली. आप्पा तसेच पारावर जाऊन बसायचे. लोक चिडवायचे, "आप्पा, आज मधली रेघ उपाशी ऱ्हायली वाटतं." आप्पा म्हणायचे, "आमच्या घरचा महादेव अडीच रेघांचाच हाय." चाळीसेक वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं कधी भस्म लावलं नाही. माय गेल्यापासून भस्माची डबी देवळीत तशीच होती. आम्ही पुढं केली तर ते मान फिरवायचे. तिचा फोटो समोर आला तर माणूस जरा सावरेल, एवढीच माझी आशा होती.

"रेघा कुठं गेल्या?" मी विचारलं.

"कोणत्या रेघा, ताई?"

"कपाळावरच्या. भस्माच्या."

"आसं व्हय. सॉफ्टवेअरला त्ये ओरखडे वाटले आसतील. फोटोत नॉइज, म्हंजी त्ये दाणे, लई होता, त्याच्यासंगं गेलं निघून. अन् बोट तुटकं दिसत होतं, त्ये बी त्यानंच जोडलं बघा." हे तो मला कौतुकानं सांगत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण सांगणाऱ्याच्या कपाळावर सकाळचं भस्म ठसठशीत होतं. "उद्या तुमचा फोटो ह्याच्यात घातला, तर तुम्हीपण साफच व्हाल की," मी म्हणाले. "तुमच्या घरच्यांना चालेल? चार दाणे काढायला सांगितले होते मी. ज्या मशीनला गोंदण म्हणजे डाग वाटतो आणि भस्म म्हणजे ओरखडा, त्याला माझ्या आईच्या तोंडाला हात लावायचा हक्क कुणी दिला?"

तो वरमला. खाली बसला आणि कॉम्प्युटरवर तीन रेघा ओढून दिल्या, पट्टी लावून आखल्यासारख्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मधली अर्धी करा म्हटलं, तर म्हणतो, "अर्धी बरी दिसत न्हाई, ताई. लोकं म्हणतील, स्टुडिओवाल्याला जमलं न्हाई." मग आहे तसा दाणेदारच छापून द्या म्हटलं, तर तसला फोटो त्याच्या दुकानातून बाहेर जात नाही म्हणे. आराधना दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दुसरीकडं जायला वेळ नव्हता. मी ती फ्रेम काखेत मारून गावाकडं निघाले आणि वाटभर त्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या.

सकाळी फोटो मांडला. जो तो म्हणायला लागला, काय झकास आलाय. वहिनी सासूच्या फोटोकडं बघून म्हणाली, "आत्या किती तरण्या दिसायल्यात." मला वाटलं, एकेकाला धरून हलवावं. जिच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं, तिचं बोट मोजायला कुणाला सवड नव्हती.

मग आप्पांना धरून आणलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळं ते फ्रेमच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

"ही कोन हाय?"

मी म्हणाले, "आप्पा, माय हाय. कॉम्प्युटरनं जरा बदललं."

त्यांनी देवळीतली डबी मागितली. पंच्याचं टोक ओलं करून आधी काच पुसली, जणू त्या आखलेल्या रेघा काचेवरच होत्या. त्या काही जाईनात. मग त्यांनी तीन बोटं भस्मात बुडवली, मधलं बोट थोडं आत वाकवलं आणि काचेवर, बरोबर त्या रेघांवर, तिन्ही बोटं दाबून ओढली. वरची पूर्ण, खालची पूर्ण, मधली निम्म्यात संपलेली.

वाकवलेलं बोट त्यांनी सरळ केलं नाही. हात तसाच वर नेला आणि स्वतःच्या कपाळावर ओढला.