वाचवलेलं डिझेल

फिरत्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी "तुमच्या मिसेसबद्दल दोन पानं लिहून द्या" असं ग्रंथपालबाई म्हणाल्या, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला देता येईल का, असं मी त्यांना दोनदा विचारलं. अडतीस वर्षं मी धान्याच्या गोदामातल्या वजनकाट्यावर काढली. भरलेला ट्रक इतका, रिकामा ट्रक इतका, वजाबाकी इतकी, खाली सही. यापलीकडे माझ्या हातून काही लिहिलं गेलेलं नाही. पण हिच्या कानावर गेलं आणि ही म्हणाली, "लिहा की. गाडीचं लिहा. खरं खरं लिहा मात्र." म्हणून गाडीचं लिहितो. खरं लिहायचं म्हटल्यावर त्यात माझी फारशी शोभा राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ही सत्तावीस वर्षं वाचनालयाची व्हॅन चालवत होती. आठवड्याला नऊ थांबे. शाळेच्या मागच्या गल्लीत, जिथे दूधवालासुद्धा सायकल हातात धरून चालतो, तिथे ही तीन हजार पुस्तकांची व्हॅन एका दमात मागे घ्यायची, आणि खिडकीतून कुणाला तरी "अहो, मागच्या खेपेचं पुस्तक आणलंत का?" असंही विचारायची. आमची ओळख काट्यावरच झाली. व्हॅनचं वर्षातून एकदा वजन करून त्याची पावती परवान्याला जोडावी लागे. वजन घेताना ड्रायव्हरने खाली उतरायचं, असा नियम. माझ्या काचेच्या खोलीत छोटी खिडकी होती, तिच्यातून एवढंच म्हणायचं होतं, "खाली उतरा." ते काही तोंडातून निघेना. शेवटी मी हिच्यासकट वजन लिहून पावती दिली. आठ दिवसांनी पावती परत आली आणि पाठोपाठ हीही.

"माझं वजन सरकारी कागदावर कशाला लिहिलंत?"

"चूक झाली," मी म्हणालो.

"किती आहे?"

"कशाचं?"

"माझं. तुम्हाला माहीत असणार की आता."

त्यानंतर व्हॅनचं वजन त्या वर्षी चार वेळा झालं. पाचव्या वेळी आम्ही लग्नाचं बोललो. म्हणजे ही बोलली.

घरात गाडी चालवणारं माणूस एकच होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. अडतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या तोलल्या, स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. मग तीन वर्षांपूर्वी ही न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण डावा पाय म्हणावा तसा परत आला नाही. घरात काठी, बाहेर घडीची चाकाची खुर्ची. डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय उत्तम आहे. डाव्या पायाने क्लच दाबायचं मात्र विसरा." घरी आल्यावर किल्ल्यांच्या खिळ्यावरची व्हॅनची जुनी किल्ली काढून तिने ड्रॉवरमध्ये टाकली.

मी सहासष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं. तिसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेला परीक्षक आणि मी दोघंही घामाघूम होऊन उतरलो होतो.

घाई करण्याचं कारण होतं. हिची मोठी बहीण, आमची ताई, एकशेदहा किलोमीटरवर आपल्या मुलीकडे राहते. तिला अलीकडे माणसं ओळखू येत नाहीत. आमची भाची फोनवर म्हणाली, "मावशी, आई मलाच परवा शेजारीण समजली. जमेल तितक्या लवकर येऊन जा." ही मला म्हणाली, "ताईने मला ओळखायला हवं. नंतर जाऊन काय तिच्या फोटोशी बोलू?"

तेव्हा गाडी घ्यायची ठरली. मी महिनाभर अभ्यास केला. वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापल्या, वहीत तक्ते आखले, लिटरला किती किलोमीटर, त्याचे पाच वर्षांचे हिशेब मांडले. निष्कर्ष असा निघाला की जुनी डिझेलवरची इस्टेट गाडी घ्यावी. इस्टेट म्हणजे मागे लांबलेली, डिकीच्या जागी जवळजवळ खोलीच असलेली. खुर्ची घडी न करताही आत जाईल. आणि लिटरला बावीस.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात ती उभी होती. राखाडी, लांबलचक. मी तिच्याभोवती फिरत काट्यावरच्या सवयीने तिच्या टायरांकडे बघत होतो. ही मागे राहिली होती. वळून बघितलं तर एका छोट्या पांढऱ्या गाडीशी खुर्ची लावून बसली होती, दार उघडून आत डोकावत, गुडघ्यावरचा रुमाल हातात ताणून धरत काहीतरी बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "हिला क्लच नाही."

"आपोआप गियर पडतात, बाई," विकणारा म्हणाला. "एकदम लोण्यासारखी."

"लिटरला किती?" मी विचारलं.

"चौदा. पंधरा म्हणा."

मी हसलो. महिनाभर अभ्यास केलेला माणूस हसतो तसा. "अगं, ही पितेच फार. आपल्याला नको."

"बरं," ही म्हणाली.

छत्तीस वर्षांच्या संसारात ही एका शब्दात गप्प बसल्याचे प्रसंग मोजके आहेत, आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी गाढवपणा केलेला होता. हे मला तिथेच सुचायला हवं होतं. पण मी राखाडी गाडीची किल्ली घेत होतो.

मग सुरू झालं माझं काटकसरीचं ड्रायव्हिंग. पाय लोण्यावर ठेवल्यासारखा ठेवायचा. सिग्नल दिसला की शंभर पावलं आधी ॲक्सिलरेटर सोडायचा. चढाच्या आधी चढाची चिंता करायची. वेग पस्तीसच्या वर न्यायचा नाही. मी अभ्यासिकेत बसल्यासारखा गाडी चालवत असे. एकदा भाजीची टोपली पुढे लावलेल्या सायकलवरची एक बाई आमच्या डाव्या बाजूने पुढे निघून गेली. जाताना तिने आत बघितलं. हिने तिला हात केला.

"ओळखीची होती का?" मी विचारलं.

"नव्हती," ही म्हणाली. "पण आता रोज भेटणार, तर ओळख असलेली बरी."

आमचा रोजचा पल्ला म्हणजे घर ते हिच्या पायाच्या व्यायामाचा दवाखाना, तीन किलोमीटर, आणि परत. ताईकडे जायचं रोज ठरत होतं आणि रोज राहत होतं. एकदा टायरमध्ये हवा कमी वाटली. एकदा वारा समोरून होता. समोरच्या वाऱ्यात डिझेल जास्त लागतं, असं मी हिला समजावून सांगितलं. हिने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर पान हलत नव्हतं.

या काळात एक सुखाची गोष्ट घडली होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती. वेगाच्या काट्याखाली एक पिवळा दिवा अधूनमधून लागू लागला. त्यात एका डब्याचं चित्र होतं आणि डब्यात ठिपके ठिपके. गाडीबरोबर माहितीपुस्तिका मिळाली नव्हती, म्हणून मी स्वतःच विचार केला. डबा म्हणजे टाकी. ठिपके म्हणजे थेंब. थेंब साठताहेत, म्हणजे डिझेल वाचतंय. गाडी मला शाबासकी देत होती. अडतीस वर्षांत साहेबांनी एकदाही दिली नव्हती. मी तो दिवा लागला की वहीत तारीख लिहून ठेवत असे. स्टिअरिंगच्या आड असल्यामुळे हिला तो दिसत नव्हता, आणि आपल्या तोंडाने आपलं कौतुक कसं सांगायचं?

अकराव्या शाबासकीच्या दुसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या चढावर, गाडीने सगळेच दिवे लावले आणि मान टाकली. इंजिन चालू, पण ओढ नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ही मात्र चहाला दूध किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात बोलत होती.

"हँडब्रेक ओढा. चारी इंडिकेटर लावा. आता खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जायला सांगा. हात, अहो, रुमाल नव्हे."

मेकॅनिक आला. हिच्या व्हॅनची कामं हाच करायचा, त्यामुळे आल्या आल्या त्याने आधी हिची चौकशी केली, मग गाडीची. गाडी गॅरेजमध्ये नेली. दोराला बांधलेला चष्मा नाकावर चढवून त्याने कसलंसं यंत्र लावलं आणि मला विचारलं, "काका, काजळीचा दिवा कधीपासून लागतोय?"

"काजळीचा?"

"डब्यात ठिपके असतात तो."

मी वही काढली आणि तारखा वाचून दाखवल्या. मेकॅनिकने चष्मा काढला.

"म्हणजे अकरा वेळा गाडी ओरडली आणि तुम्ही ते लिहून घेतलंत?"

मग मला सांगावं लागलं. थेंबांचं, टाकीचं, सगळं. हळू आवाजात सांगितलं, पण गॅरेजमध्ये पत्रा असतो, आवाज घुमतो. खुर्चीतून हिचं हसू फुटलं. खुबा मोडल्यापासून ही अशी हसली नव्हती. डोळ्यांना पदर लावून, खुर्चीचा हात घट्ट धरून हसत राहिली. मेकॅनिक सभ्य माणूस, तो गाडीखाली जाऊन हसला.

बाहेर आल्यावर त्याने समजावलं. "या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत जाळी असते, काजळी अडवायला. इंजिन चांगलं तापलं, गाडी सलग पळाली, की ती काजळी आपोआप जळते. तुम्ही तिला कधी पळवलीच नाहीत. बैलाला खुराक देऊन गोठ्यात बांधून ठेवल्यासारखं झालं. अर्धी काजळी मी इथे जाळली आहे. बाकीची तुम्ही रस्त्यावर जाळा. हायवेला घ्या, पाऊण तास सलग. ऐंशीच्या खाली यायचं नाही."

"ऐंशी?"

"वेग म्हणतोय, काका. वयाला अजून अवकाश आहे."

"आणि नाही पळवली तर?" मी विचारलं.

"तर जाळी बदला. वाचवलेलं सगळं डिझेल त्यात जाईल. किती वाचलंय तसं?"

माझ्या वहीत उत्तर होतं. सहा किलोमीटर रोजचे, बावीसने भागून, पांढऱ्या गाडीशी तुलना करून. महिन्याला चार लिटर होत होते. मी वही खिशात ठेवली.

"पाऊण तास हायवेवर नुसतं जायचं म्हणजे," ही कुणाकडेही न बघता म्हणाली, "कुठेतरी जावं लागेल ना."

आता मला कारण उरलं नव्हतं. न जाणं हीच उधळपट्टी ठरली होती. त्या रात्री झोप येईना म्हणून मी पडल्या पडल्या वजाबाकी केली. टायर वजा, वारा वजा, डिझेल वजा. खाली एकच गोष्ट राहत होती. मी घाबरत होतो. हिच्या शेजारी बसून, हिच्यादेखत, मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायला घाबरत होतो, आणि त्यापायी ताईचे एकेक दिवस जात होते.

सकाळी निघालो. हायवेला लागायच्या वळणावर माझी पाचावर धारण बसली.

"आरशात बघा," ही म्हणाली. "तो निळा जाऊ द्या. त्याच्यामागे जागा आहे. आता. आता म्हणजे आता, पुढच्या आठवड्यात नाही."

मी पाय दाबला. गाडी अशी सुटली की माझा हिशेबच चुकला. पंचावन्न. सत्तर. "गियर," ही म्हणाली. ब्याऐंशी. शेतं मागे पळत होती. "हात सैल सोडा, स्टिअरिंग कुठे पळून जात नाही." मोठा ट्रक शेजारून गेला तेव्हा मी सवयीने त्याचं वजन अंदाजलं आणि अंग चोरलं. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा लागला, तेव्हा कुठे मला क्षणभर बाजूला बघायचा धीर झाला.

ही समोर बघत होती. आणि तिचा उजवा पाय पायाखालच्या रबराच्या चटईवर दाबत होता. पुढची गाडी हळू झाली की तो उचलून डावीकडे, जिथे ब्रेक असता तिथे, अलगद टेकत होता. माझ्या आधी. प्रत्येक वेळी माझ्या आधी. डावा पाय शेजारी गप्प पडलेला होता आणि त्याची कुणाला गरजही नव्हती.

तेव्हा मला ती पांढरी गाडी आठवली. "अहो, हिला क्लच नाही." मी महिनाभर लिटर भागत बसलो होतो, आणि हिने एका नजरेत आपला हिशेब मांडून मला दाखवलाही होता. ट्रकमध्ये काय आहे हे न बघता नुसतं वजन लिहायची सवय माझी. दुसरं काय.

"दिवा विझला का?" थोड्या वेळाने हिने विचारलं.

"विझला," मी म्हणालो. खरोखरच विझला होता. मला थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

ताई अंगणात ऊन खात बसली होती. भाचीने दार उघडलं, हिला धरून उतरवलं. ताईने हिच्याकडे बघितलं, बराच वेळ, परक्या माणसाकडे बघावं तसं. हिने माझ्या बाहीला धरलं होतं. ती पकड घट्ट होत गेली. मग ताईची नजर आमच्या लांबलचक गाडीवर गेली. पुढून मागे, मागून पुढे.

"आज वेगळीच गाडी आणलीस गं," ताई म्हणाली. "पुस्तकं कुठायत?"

हिने माझी बाही सोडून ताईचा हात धरला, तसा मी गाडीमागे गेलो.

"तूच चालवत आलीस ना?" ताईने विचारलं.

ही माझ्याकडे बघायला लागली. मी मागून खुर्ची काढत होतो. तिथूनच म्हणालो, "हो ताई. हिनेच आणली."

"आणली," ही डोळे पुसत म्हणाली, "पण ह्यांच्यामुळे जरा उशीर झाला."

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी जुन्या गाड्या विकणाऱ्याला फोन केला. ही आतल्या खोलीत वाचत होती.

"ती छोटी पांढरी अजून आहे का?"

"कोण बोलतंय? लिटरला किती विचारणारे काका का?"

"तोच मी."

"आहे की. पण आधीच सांगतो, ती पिते जास्त."

"पिऊ दे," मी म्हणालो. "फक्त एक बघून सांगा, मागची सीट पाडली तर घडीची चाकाची खुर्ची आत मावते का."

आतून पान उलटल्याचा आवाज आला.

"मावते," ही म्हणाली. "मी तेव्हाच रुमालाने मोजलं होतं."