स्टोअर लिहिलेली खोली

मी पुण्याला निघाले त्या दिवशी बाबांनी खाडा केला नाही. एका मालकाच्या घराची विटांची जोडाई स्लॅबपर्यंत आली होती आणि त्याने आठवडाभर बाबांचं डोकं खाल्लं होतं. पण ते बांधकाम अकोल्याच्या बसस्टँडच्या रस्त्यावरच होतं. माझा धाकटा भाऊ राहुल, त्याने ऑटो तिथे थांबवायला लावला. बाबा दुसऱ्या मजल्याच्या बांबूच्या पायाडावर उभे होते. ते खाली उतरले नाहीत. हातातली थापी वर करून त्यांनी विचारलं, "जेवली का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. माय माझ्या शेजारी बसून डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती. ऑटो हलला तेव्हा मागे वळून पाहिलं, तर बाबांनी पुढची वीट उचलली होती.

आदल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "आमी लोकायचे घरं इटांनी बांधले, तू कागदावर बांध. त्यात ऊन तरी लागत नाही."

आमचं स्वतःचं घर टिनाचं होतं. लोकांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करणारा माणूस रात्री टिनाखाली झोपायचा, आणि मजुरी ठरवताना त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. म्हणून सातवी-आठवीपासून बाबांच्या वतीने भाव मी करायची. मालक हसायचे, मग हसणं थांबवायचे. भाव करायची माझी एकच रीत आहे. आपला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरचा चुळबुळ करतो आणि स्वतःच वर चढतो.

आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, मग अमरावतीला एका इंजिनिअरकडे चार वर्षं काढली. राहायला बडनेऱ्याला एक खोली. नकाशे मी काढायची, सही-शिक्का त्याचा, आणि घर मंजूर झालं की पेढेही त्यालाच. एकदा मी त्याच्या तोंडावर म्हटलं, की निदान कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव टाका. तो हसून म्हणाला, "सुजाता, तुझं तोंड तुझ्या नकाशापेक्षा मोठं आहे." दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. राग आला की मी हिशेब करत नाही, आणि मग पुढची वर्षं तोच हिशेब करत बसते.

पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. साडेनऊ ते सात. तिथे मी काय काढते? टॉवरचं पार्किंग. वर्षभर एकाच टॉवरच्या तळघरात गाड्यांच्या रेघा. त्या इमारतीत कोण राहणार, त्यांना लेकरं किती, त्यांची आई जिना चढू शकते का, काही माहीत नसतं. म्हणून पहाटे पाच ते आठ आणि रविवारी मी माझी स्वतःची कामं घ्यायला लागले. अमरावतीची ओळख होतीच. बडनेऱ्याचे रेल्वेतले कर्मचारी, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातले सुपरवायझर, धामणगावचे धान्याचे व्यापारी, एकाने दुसऱ्याला नंबर दिला. ही माणसं मला कळतात. नळ कित्येक दिवसांनी येतो म्हणून अकोल्याच्या घराचा नकाशा पाण्याच्या टाक्यापासून सुरू होतो, हे पुण्याच्या ऑफिसात कुणाला सांगून पटणार नाही. काळ्या मातीत पाया उथळ घेतला तर उन्हाळ्यात भिंत फाटते. आणि आमच्याकडे खिडकी म्हणजे नुसता उजेड नाही. खिडकी म्हणजे कूलर. कूलर नाही त्या खोलीत मे महिन्यात माणूस राहू शकत नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि नोकरीला जोडधंदा लावून बसले, त्यांना पुढचं सांगायला नको. नेमणुकीच्या कागदावर 'बाहेरचं काम करणार नाही' असं लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे. गिऱ्हाइकांचे फोन मी ऑफिसच्या जिन्यात घेते. तिकडे लोक एकमेकांना सांगतात, मॅडमचं पुण्याले ऑफिस हाय. ते ऑफिस म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधला टप्पा.

"मॅडम, थोडं कमी करा ना. आपल्याच इकडच्या तुमी."

"काका, इकडची हाय म्हणूनच तं घेतलं काम. नाही तं रविवारी झोपली असती मी."

एकदा शेजारच्या टेबलावरची मुलगी जिन्यात भेटली. हळूच म्हणाली, "सगळं ठीक आहे ना? कुणाशी भांडत होतीस?" मी म्हटलं, भांडत नव्हते, संडास कुठल्या बाजूला घ्यायचा ते विचारत होते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमचं घर बांधायचं ठरलं. राहुल एका दालमिलमध्ये सुपरवायझर आहे, त्याचं लग्न झालेलं, बाबांचे गुडघे गेलेले. टिन काढायचं आणि त्याच जागेवर पक्कं बांधायचं. पैशाचं मी इथे लिहीत नाही, माझा राग पैशाचा नाही.

आमच्या घराचा नकाशा मी सगळ्यांत शेवटी काढला. परक्या गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते, घरच्यांना दिलेली नसते. एकामागून एक रविवार गेले. राहुल विचारायचा, "ताई, झालं का?" मी म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की. शेवटी एका पहाटे बसले आणि तीन तासांत उरकला, कारण आठला आंघोळ करून ऑफिस गाठायचं होतं. समोर हॉल, किचन, आई-बाबांची खोली, वर राहुलची. आणि मागे एक खोली निघाली, नऊ बाय दहा. मोकळी भिंत फक्त उत्तरेची, तिथे खिडकी, तिच्याबाहेर कूलर ठेवायला पक्का ओटा. ती मी माझ्यासाठी काढली होती.

खोलीत नाव लिहायची वेळ आली. आधी 'सुजाता' लिहिलं. मी चौतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही ते कुणाला सांगत बसणार नाही. बापाच्या घरात ही स्वतःची खोली काढून घेते, असं भावजयीला वाटेल, मामांना वाटेल, नकाशा हातात येणाऱ्या सेंटरिंगवाल्यालाही वाटेल. खोडलं. 'गेस्ट' लिहिलं, ते वाचून माझाच मला राग आला. घड्याळात आठला पाच कमी होते. मी 'स्टोअर' लिहिलं आणि फाइल पाठवून दिली. मनात होतं, काम सुरू झालं की जाईन, जागेवर उभी राहीन आणि तोंडाने सांगेन.

त्या घराचा सगळा भाव मी पुण्यातून केला. रेती, लोखंड, विटा, दारं. टाइल्सवाला राहुलला म्हणायचा, "भाऊ, तुमच्या ताईले फोन नका लावू. घ्या तुमी तुमच्या भावात." सगळे हसायचे, मीही हसायची. एवढ्या लोकांशी भांडले, पण एक वाक्य माझ्या माणसांपुढे उच्चारता आलं नाही.

आणि जाणं काही झालं नाही. पाया भरला तेव्हा ऑफिसचा टॉवर मंजुरीला जायचा होता. भिंती उठल्या तेव्हा धामणगावच्या व्यापाऱ्याला गोदामाचा नकाशा हवा होता. दोन कामं करणाऱ्याला रजा दोन ठिकाणी मागावी लागते, आणि दोन्हीकडे खरं कारण सांगता येत नाही.

एका मंगळवारी दुपारी मीटिंग चालू असताना फोन तीनदा थरथरला. बाबा कधी तीनदा लावत नाहीत. मी जिन्यात गेले. मागून विटा उतरवल्याचा आवाज येत होता.

"सुजा, हे मागचं स्टोअर. याले खिडकी काहून ठेवली तू?"

मी जिन्याचं वरचं दार ओढून घेतलं.

"दाणेच ठेवाचे ना तठी? वारा लागीन, उंदरं येतीन. बंदच करतो मी. इटाबी हाय अन् मिस्त्रीबी मोकळा हाय."

तेवढ्यात वरचं दार उघडून माझ्या आर्किटेक्ट सरांनी मला पाहिलं आणि घड्याळावर बोट ठेवलं. एका वाक्याचं काम होतं. बाबा, ती माझी खोली आहे. पण सर उभे होते, आणि ते वाक्य असं पळता पळता म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, तुमीच पाहा. संध्याकाळी बोलते मी."

संध्याकाळी धामणगावच्या माणसाने दीड तास खाल्ला. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबांनी खिडकी बुजवली. आता भिंत कोरी झाली म्हणून नकाशात पुढच्या अंगणात असलेला जिना मागे नेऊन त्याच भिंतीला बांधला, म्हणजे पुढे राहुलच्या गाडीला जागा झाली. मिस्त्री म्हणून त्यांनी केलं ते बरोबर होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी मीही तेच सुचवलं असतं.

खिडकी खरंच बुजली आणि जिना हलला, हे मला कळलं ते गृहप्रवेशाच्या दिवशी. बुद्धवंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरू लागल्या, आणि मी मागचं दार उघडलं. भर दुपारी आत काळोख. बटण दाबलं. तीन बाजूंना पोती, कोपऱ्यात जुन्या गाद्या, आणि खिडकीच्या जागी गिलावा केलेली सपाट भिंत.

माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसमोर मी राहुलला धरलं. नकाशाप्रमाणे का नाही केलं, मला न विचारता जिना का हलवला, मी काय मूर्ख म्हणून पहाटे उठून रेघा मारल्या. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोलले.

राहुल गोंधळून म्हणाला, "ताई, स्टोअरले खिडकी नसली तं एवढी काहून तापून राहिली तू?"

भावजय खीर वाढता वाढता थांबली. बाबा दारात आले. त्यांनी भिंतीवर तळहात फिरवला, गिलावा ओला आहे का पाहतात तसा. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "तुयी होती का हे खोली?"

"नाही, बाबा. स्टोअरच होतं."

त्यांनी तळहाताची धूळ झटकली. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. आता विचारताही येत नाही. विचारलं तर त्या गुडघ्यांनी ते स्वतः जिना फोडायला घेतील.

माझा राग कुणावर आहे, हे मला नीट सांगता येत नाही. कागदावर बघितलं तर कुणाचीच चूक नाही. पण मायने, बाबांनी, राहुलने, त्या घरातल्या एकानेही नकाशा पाहून विचारलं नाही की सुजा आली तर झोपेल कुठे. हे माझ्या मनातून जात नाही. पुण्याला परत आल्यावर मी तीन पहाटे त्या घराच्या नकाशावर बसले. गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून. जिना दुसरीकडे नेऊन पाहिला, तर पाण्याचं टाकं आडवं येतं. छताला झरोका काढून पाहिला, तर वर राहुलच्या पलंगाखाली निघतो. लोक मला कुठेही जागा काढून देणारी बाई म्हणतात. ती नऊ बाय दहाची खोली मला सुटली नाही.

आता मी वर्षातून दोनदा जाते. हॉलमध्ये मायच्या शेजारी गादी टाकतात. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, तिला मी कधी घर म्हटलं नाही. घर कुठे असं कुणी विचारलं की तोंडातून अकोलाच निघतं. पुढे विचारलं, अकोल्यात कुठे, तर मी पत्ता सांगते आणि विषय बदलते. नोकरी सोडून यावं तर येणार कुठे, आणि जोडधंदा सोडावा तर त्या गावाशी माझं बोलणं उरणार किती. मग दोन्ही चालू राहतं.

या मे महिन्यात आठ दिवस गेले होते. दुपारी हॉलमध्ये कूलर लावून सगळे आडवे झाले होते आणि एका गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत नकाशा द्यायचा होता. कुणाची झोप मोडू नये म्हणून मी लॅपटॉप घेऊन मागे गेले, एका पोत्यावर बसले, दुसऱ्यावर लॅपटॉप ठेवला. घाम हनुवटीवरून कीबोर्डवर पडत होता. थोड्या वेळाने माय तुरीची डाळ घ्यायला आली.

"अठी काहून बसली व माय? किती उकडून राहिलं."

"बसू दे. काम हाय थोडं."

तिने टोपल्यात डाळ काढली, पोत्याचं तोंड बांधलं, दोन दाणे सांडले होते ते वाकून उचलले. जाताना दारातून, वर्षानुवर्षांच्या सवयीने, तिने बटण दाबून दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं.

मी हाक मारली नाही. स्क्रीनच्या उजेडात बोटं दिसत होती, तेवढ्यावर मी पुढचं काम करत राहिले.