भासऱ्यांना कॅप्टन केलं तेव्हा

माझी मुलगी विमानात प्रवाशांची व्यवस्था पाहण्याचं काम शिकते. हैदराबादला असते. धानाच्या मळणीच्या दिवसांत ती मधेच घरी आली. एका परीक्षेत नापास झाली होती. अजून एकदा देता येणार होती. तीही गेली तर कायमचं घरी पाठवणार होते.

परीक्षा लिहायची नव्हती. जमिनीवरच विमानासारखी लांब खोली केलेली असते. मागच्या बाजूने खोटा धूर सोडतात. शिकवणारे सर कॅप्टन होऊन पुढे बसतात. धूर दिसला की फोन उचलून कॅप्टनला थेट सांगायचं. कॅप्टन मुद्दाम म्हणतो, काही नाही, बस. तरी पुन्हा सांगायचं.

धूर सगळ्यांत आधी माझ्या मुलीला दिसला. तिने शेजारच्या मुलीला म्हटलं, "सरांना सांगा ना." ती मुलगी दुसऱ्या कामात होती. निरोप पुढे गेलाच नाही. दिल्लीकडची एक मुलगी मात्र अशी भराभर बोलली की कॅप्टनला उत्तर द्यायला जागाच राहिली नाही. तिलाही परीक्षेला पुन्हा बोलावलं. सर म्हणाले, काही देशांत कॅप्टनला नावाने हाक मारतात, काही देशांत त्याच्यापुढे मान वर करत नाहीत. धडा सगळीकडे एकच असतो, पण अडखळायची जागा ज्याची त्याची वेगळी.

मी मुलीला विचारलं, "मंग तूच काऊन नाई बोलली?"

"मोठ्या माणसाले तोंडावर कसं सांगू व माय? तू तरी बोलतं का मोठेबाबाशी?"

मोठेबाबा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आम्ही एकाच घरात राहतो. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी समोरासमोर बोललेले नाही. भांडण नाही, रीतच तशी आहे. काही सांगायचं असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. मुलगी बोलायला लागली तेव्हापासून ते काम तिच्याकडे आलं. "मोठेबाबाले सांग, पाणी तापलं." "मायले सांग, मी जेवून आलो." दोघांनाही सगळं ऐकू येत असे, तरी ती मधे पळत असे.

तिने सरावासाठी भासऱ्यांनाच कॅप्टन केलं. ते ओसरीत खुर्ची टाकून आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांना मजा वाटत होती.

"कुठी चाललं हे विमान?"

"दिल्लीले, मोठेबाबा."

"मंग स्वेटर घेऊ दे ना मले." मग ते कॅप्टनसारखे ताठ बसले.

मुलगी म्हणाली, "मोठेबाबा, मांगं धूर दिसून राह्यला वाटते."

"मी पाहतो. तू बस."

ती बसली. लगेच, जेवायला सांगितल्यासारखी.

"झालं, जळालं विमान," भासरे म्हणाले. "आता वरच्या वरच उतरा सारे."

पुन्हा केलं, पुन्हा ती बसली. तिचे डोळे भरून आले. मग ती माझ्याकडे वळली. "माय, तू सांग. तू बोलली त मी बोलन."

मी दाराशी उभी होते. त्यांना हाक काय मारायची हेच मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तसा शब्द लागलाच नव्हता. मी खाली पाहत, हाकेशिवायच म्हटलं, "मांगं धूर आहे. वाढून राह्यला. उठा."

त्यांनी मान अर्धी वळवली आणि परत पुढे केली. "तू बस" म्हणायला हवं होतं, ते म्हणाले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेले.

"कॅप्टनच उतरून गेला व माय," मुलगी म्हणाली. मला हसू आलं नाही. त्यांना राग आला असं मी धरून चालले. संध्याकाळी ते जेवले आणि लगेच उठून गेले.

सकाळी खुर्ची त्यांनीच टाकली. "चाल बाई, कुठी आहे तुहा धूर?" ते दर वेळी आवाज चढवून "बस" म्हणत होते. पहिल्यांदा ती बसली. नंतर उभी राहिली. शेवटी म्हणाली, "नाई बसत. तुमी आधी पाहा." ते चढ्या आवाजातच म्हणाले, "हे जमलं."

परीक्षेच्या दिवशी तिचा हैदराबादहून फोन आला. पास झाली. दर वेळी आधी "सॉरी सर" म्हणतेस, ते सोड, असं सरांनी सांगितलं होतं.

मी फोन ठेवला. हे शेतावर होते. भासरे अंगणात सुपलीतलं धान पाखडत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी सुपलीकडे पाहूनच विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

मी म्हटलं, "पास झाली."

"बरं झालं," ते म्हणाले. सुपली ठेवली, हात झटकले आणि ह्यांना सांगायला शेताकडे गेले.