वेगळं ताट

दवाखान्यात माझं काम कचरा राखण्याचं. थट्टा नाही, पगार त्याचाच मिळतो. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी ज्यांना किरणोत्सारी आयोडीन देतात, त्यांच्या चादरी, टॉवेल, कागदी ताटल्या पिशव्यांत बांधायच्या, शिसं लावलेल्या खोलीत ठेवायच्या आणि किरण विरायची वाट पाहायची. मीटर गप्प झालं की पिशवी साध्या कचऱ्यात जाते. यंत्रांतले काही जुने किरणोत्सारी स्रोत मात्र विरता विरत नाहीत. ते आपल्या पणतवंडांनाही राखावे लागतील. ते दूर कुठेतरी पाठवतात, आणि आम्ही सुटलो म्हणतो.

मग तोच आजार आईला निघाला. ते औषध घेऊन ती नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आली, तेव्हा मी माझी सगळी हुशारी घरात आणली. खोली वेगळी, ताट-पेला वेगळा, धुणं वेगळं. माझ्या लहान मुलीने आजीशी दुरूनच बोलायचं. ताट मी उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायचो.

पहिल्या संध्याकाळी तिने ताटाला हातच लावला नाही.

"जेव ना, आई."

"तू मागं काहून सरकून राहिला?"

मी किरण, अंतर, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गावात चहाच्या टपरीवर आमचा कप वळचणीत खोचून राहे. बाबा तो काढे, धुये, पुढं धरे. चहावाला वरतून ओते अन् मागं सरके. असाच."

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन गावी परतल्यावर तिच्या बाबांनी तो कप फोडला, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. लहानपणापासून ऐकलेली. चहावाला मागे सरकायचा, हे तिने कधीच सांगितलं नव्हतं.

ती जेवली, पण भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर रोज उंबऱ्यापाशी वाटायचं, माझ्या जागी तो चहावालाच उभा आहे. तरी मी सरकायचो, कारण घरात लेकरू होतं.

मुदत संपली. ताट दवाखान्यात नेऊन मीटर फिरवलं, घरी आणलं, त्यातच वाढलं आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसलो.

"मीटरमधी काहीच नाही आलं, आई. साफ आहे."

तिने ताटाच्या काठावरून बोट फिरवलं.

"त्या कपातही काही नव्हतं गा," ती म्हणाली.