रम न घातलेला केक

सुमे, मी घर सोडलं त्या सकाळी भोकरच्या बसस्टँडवर तू, माय आणि आबा मला पोचवायला आला होतात. आबा सकाळीच पिऊन आले होते. एसटी हलली तसा त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी वासानं तोंड फिरवलं. माय म्हणाली, "जाऊ दे बाई, तू तिकडं नीट ऱ्हा." नांदेड येईपर्यंत मी रडत होते. खरं सांगू? सुटल्याचा आनंद झाला होता, म्हणून जास्तच रडू येत होतं.

पुण्यात शिकले, हॉटेलच्या बेकरीत लागले. पहिल्याच डिसेंबरात केकसाठी बेदाणे रममध्ये भिजवायचं काम आलं. बाटलीचं टोपण उघडलं, आबांचा तो वास आला आणि मी टोपण परत लावून बाजूला झाले. आमच्या शेफबाईंनी कारण विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "नको असेल तर दुसरं काम देते. पण एक लक्षात ठेव. भट्टीत दारू पार उडून जाते म्हणतात, ते खरं नाही. थोडी उरतेच. घेणाऱ्याला सांगितल्याशिवाय असा केक द्यायचा नाही." मी तेच काम ठेवलं. ते टोपण न थांबता उघडायला दोन हिवाळे गेले.

तिकडं आबांचं पोट पाण्यानं फुगलं. डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर खराब झालंय, आता एक घोटसुद्धा नको. नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी तू बसलीस. मी फोनवर नुसती "काय म्हणाले डॉक्टर?" विचारत राहिले.

आबांनी सोडली. गेल्या हिवाळ्यात ते आणि माय माझ्याकडं आले. शेजाऱ्यांसाठी बेकरीत मीच केलेला केक टेबलावर होता. मी दुपारचा चहा टाकत होते. वळून बघते तर आबांनी तुकडा उचललेला. "पोरीच्या हातचा हाय, बघू तरी."

"आबा, थांबा! रम हाय त्यात!"

आबांनी तुकडा खाली ठेवला, धोतराला हात पुसला. मला वाटलं, दुखावले. पण ते म्हणाले, "बरं केलंस बोललीस. मला अजून लई भ्या वाटतं, बाई. एवढ्यानंबी जीव तिकडं वढ घेतो."

आबांच्या तोंडून हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "मलाबी भ्या वाटतं, आबा," मी म्हणाले. माय पदर तोंडाला लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी संत्र्याच्या रसात खजूर-बेदाणे भिजवून वेगळा केक केला. ओव्हनच्या काचेसमोर आबा खुर्ची टाकून बसले. दोन तुकडे खाल्ले, वर मायला म्हणाले, "सुमीसाठी बांधून घे."

तू परवा विचारलंस, पुणं आता घर वाटतं का? भाड्याची खोली आहे, सवय झाली. पण त्या दुपारी आम्ही तिघं घाबरलेले होतो आणि कुणी उठून गेलं नाही. घर म्हटलं की मला आता तेच आठवतं. फक्त तू नव्हतीस तिथं.

महिन्याभराची रजा टाकलीय. येते. या खेपेला आबांना तपासणीला मी नेईन. तू जरा झोप काढ.