नव्या गिअरबॉक्सचा दसरा

माझा राग वाईट आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो किती वाईट आहे, हे मात्र अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या माझ्याच गॅरेजमध्ये कळलं.

साठच्या दशकातली एक गाडी मी हौसेने घेतली होती. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोनच गिअरचा. हायवेवर इंजिन नुसतं बोंबलायचं. म्हणून मी आणि शेजारचा मित्र, नागपूरचा, माझ्यासारखाच व्हिसावर आलेला, चार गिअरचा नवा ऑटोमॅटिक बॉक्स बसवायला लागलो. सहा आठवडे प्रत्येक शनिवार-रविवारी आम्ही त्या गाडीला बडवत होतो. नवा बॉक्स मोठा, खाली मावेना. मग घण घेऊन तळाचा पत्रा ठोकून ठोकून जागा केली. बोल्ट तुटले, बोटं फुटली, शिव्या तर किती दिल्या.

दसऱ्याला गाडीची पूजा करायचीच होती. आदल्या दिवशी लक्षात आलं की गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून जो स्विच असतो, तो नव्या बॉक्सला जुळत नाही. मित्र घरी गेल्यावर मी स्टिअरिंगखालच्या त्या स्विचच्या दोन तारा सरळ एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा. ऑफिसात करतो तसंच: आत्ता चालवून घ्या, नंतर नीट करू. गिअरची लिव्हर पार्कऐवजी ड्राइव्हवर राहिली होती, तेही मी पाहिलं नाही. मित्राला यातलं काहीच सांगितलं नाही.

सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली. बायको बंपर आणि वर्कबेंचच्या मध्ये उभी राहून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होती. मी पुण्याला घरच्यांना पाठवायला व्हिडिओ घेत होतो. त्यात इंजिनाचा आवाज यावा म्हणून आत बसलेल्या मित्राला मीच म्हणालो, "मार स्टार्ट." ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये सुरूच होत नाही, या भरवशावर त्याने किल्ली फिरवली.

गाडीने उडी मारली. लिंबं फुटली, ताम्हण भिंतीवर आपटलं आणि बायकोचा गुडघा बेंचवर चिरडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मित्राने घाबरून गाडी मागे घेतली, बायको खाली कोसळली, आणि मी तिच्याकडे जायचं सोडून त्याला खेचून बाहेर काढलं. तोंडावर मारलं, पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या. तो डोक्यावर हात धरून "अरे, वहिनींना बघ," एवढंच म्हणत होता.

अँब्युलन्सला फोनही त्यानेच केला. सोबत पोलीस आले, तेव्हा फुटलेल्या ओठांनी त्याने सांगितलं की तोंड स्टिअरिंगवर आपटलं. मारहाणीची केस झाली असती तर माझा व्हिसा धोक्यात आला असता. मी ते खोटं तसंच चालू दिलं.

चार महिने बायको कुबड्या घेऊन चालत होती. चूक मित्राची, असंच सगळे धरून चालले होते. ती तर त्याचं नावही काढू देत नव्हती. शेवटी मला ते असह्य झालं. एका दुपारी मी तिला तारांचं सांगितलं. तिने कुबडी उचलली आणि माझ्या खांद्यावर हाणली. मग पुन्हा हाणली.

"आधी त्याला जाऊन सांग," ती म्हणाली.

मी गेलो. त्याने अर्धंच दार उघडलं. समोरचा एक दात नवा बसवलेला होता. मी बोलायला लागलो, तर त्याने मध्येच थांबवलं.

"त्या तारा मला तेव्हाच दिसल्या होत्या. तू पाडलंस ना, तेव्हा माझं डोकं गाडीच्या दाराशीच होतं."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"तेव्हा बोललो असतो तर तू मला मारूनच टाकलं असतंस. नंतर तू स्वतः येशील म्हणून थांबलो. चार महिने रोज वाट बघितली, यार."

त्याने दार लावून घेतलं.